भट्टीतून उडालेले मोर

ऑइलपेंटचा वास आला की मला आमची भट्टी आठवते. घरोघरी फ्रीज आले तसे आमचे माठ अंगणातच पडून राहायला लागले होते, आणि अशात ताडकळसच्या एका घराने लग्नासाठी पाच रंगीत माठ सांगितले. घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून माझी हौस दांडगी. कुठल्याशा पुस्तकात वाचून कच्च्या माठांवरच ऑइलपेंटने मोर काढले आणि माठ भट्टीत लावले. भट्टी उघडली तर मोर जळालेले, उरले नुसते काळे डाग. लग्न दुसऱ्या दिवशी, नवे माठ घडवायला वेळ नाही. आजोबा म्हणाले, "कॉलेजवाले सायब, मोर उडाले की तुमचे!" मायनं मात्र चुना कालवला आणि त्या डागांभोवतीच पांढऱ्या वेली काढल्या. माठ न्यायला आलेली नवरीची आई म्हणाली, "लय खुललेत वो! पाव्हणे इचारतीलच कुठून आणले." पाव्हण्यांनी खरंच विचारलं, आणि आज परभणीत शोभेच्या माठांचं आमचं स्वतःचं दुकान आहे.