आंबटातला मेन जेट

आमच्या घरी जे जे ओलं असेल, ते अंगणात जवळ्याशेजारी वाळत घालायची पद्धत आहे. पापड, बाबांची छत्री, बायकोची पर्स, एकदा तर पाण्यात पडलेला मोबाइलसुद्धा. चिंचणीला समुद्राकाठच्या घरांत उन्हाळाभर अंगणात बारीक जाळं अंथरलेलं असतं. मधोमध गुलाबी जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, आणि कडेकडेने बाकीचा संसार. तेव्हा त्या दिवशी मी मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरचे भाग धुऊन तिथेच वाळत घातले, यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. (घरात हे मत असलेला मी एकटाच आहे.)

ही मोटारसायकल बाबांची. मी शाळेत होतो तेव्हा त्यांनी ती जुनी म्हणून घेतली होती, यावरून तिचं वय ओळखा. तिच्यावर बाबा चालवायला, मागे आई, दोन्ही बाजूंना सुक्या मासळीची पोती, अशी वरात वर्षानुवर्षं तलासरीच्या बाजाराला जायची. बाबांचे गुडघे गेल्यावर हँडल माझ्याकडे आलं. मी तारापूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये आहे. म्हणजे नटबोल्टशी माझा रोजचा संबंध. फक्त मी ते कपाटातून काढून देतो, पुढे त्यांचं काय होतं ते मला माहीत नाही.

दोन हजार सतराच्या मे अखेरीस बाजाराच्या आदल्या दिवशीच गाडीने दगा दिला. उभी असताना गुणी पोरीसारखी फटफट करायची, पण एक्सलेटर पिळला की आचके देऊन बंद! आणि हा साधा बाजार नव्हता. पावसाआधीचा शेवटचा. आतल्या पाड्यांवरच्या बाया चार महिन्यांचा जवळा, बोंबील याच बाजारात भरून घेतात. आईने त्यांना शब्द दिला होता. शिवाय बाजारातल्या आंब्याखालच्या तिच्या जागेवर आमच्याच गल्लीतल्या जमनाबाईचा कधीपासून डोळा होता.

"एसटीने जाऊ," मी म्हटलं.

"गेल्या खेपेला कंडक्टरने पोत्याचा वास घेतला आणि मला चिंचणी नाक्यावरच उतरवली. विसरलास?"

"मग टेम्पो?"

"टेम्पो जमनाच्या पुतण्याचा!"

मेकॅनिक भाचीच्या लग्नाला उंबरगावला गेलेला. तेव्हा मी शांतपणे म्हणालो, "मी करतो."

घरात अशी शांतता पसरली की जवळा वाळल्याचा आवाज ऐकू यावा. पण मला काळजी नव्हती. मोबाइलवरचं इंटरनेट नुकतंच स्वस्त झालं होतं आणि मी कार्ब्युरेटर साफ करण्याचे व्हिडिओ पाहून पाहून तयार झालो होतो. व्हिडिओतला माणूस पांढऱ्या शर्टात काम करतो आणि शेवटी शर्ट पांढराच असतो. मी सुरुवातीलाच पेट्रोलचा नळ बंद करायला विसरलो आणि अर्धं अंगण धुऊन निघालं.

"पोरा, जवळा लांब आहे ना?" आई ओरडली.

"लांब आहे गं!"

तसा तो लांबच होता. पेट्रोलच त्याच्या दिशेने निघालं होतं, इतकंच.

खोलून पाहतो तर रोग लगेच सापडला. (हे मी मुद्दाम सांगतोय. निदान माझं होतं!) कार्ब्युरेटरच्या पोटात मेन जेट नावाचा पितळेचा इवलासा स्क्रू असतो. त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. जोरात पळताना गाडीला पेट्रोल मिळतं ते त्यातून. ते भोक हिरव्या किटणाने गच्च बुजलं होतं. मी फुंकर मारली, पेट्रोलमध्ये बुडवला, सायकलच्या पंपाने हवा मारली. किटण जागचं हललं नाही. तार घालायची सोय नव्हती, कारण व्हिडिओतल्या माणसाने बोट नाचवून ताकीद दिली होती: भोक मोठं झालं की संपलं! मग मी सगळे भाग धुऊन जाळ्याच्या कडेला ठेवले आणि पुढचा व्हिडिओ बघायला पंख्याखाली गेलो. तिथे डोळा लागला.

उठलो तेव्हा ढग आले होते आणि अंगण रिकामं होतं! आईने घाईघाईने जवळा गोळा करून पोत्यांत भरून तोंडं शिवली होती. माझे भाग एका ताटलीत काढून ठेवले होते. सगळे होते. मेन जेट सोडून.

"आई, इथे एक छोटं पिवळं होतं..."

"मला दिसलं ते उचललं. मी जवळा बघू की तुझं पिवळं बघू?"

पोती उसवली. मी, बायको माधवी आणि बाबा, तिघं सुपं घेऊन बसलो. तेवढ्यात शेजारच्या पार्वतीकाकी कुंपणावरून डोकावल्या.

"काय हरवलं रे?"

"छोटंसं आहे काकी. पिवळं. मध्ये भोक."

काकींनी एकदा माधवीच्या गळ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि नाहीशा झाल्या. दहा मिनिटांत अर्धी गल्ली आमच्या अंगणात! कुणी चाळणी आणली, कुणी बॅटरी. सगळ्या बाया माधवीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणत होत्या, "सापडेल हो, मंगळसूत्राचा मणी असा जात नाही."

"अहो, मणी नाही, गाडीचा जेट आहे," माधवी सांगत होती.

"बघा, नवऱ्याला सांभाळून घेते बिचारी!"

मी मात्र शास्त्रीय मार्गाने गेलो. घरातला जुना स्पीकर फोडला, त्यातलं लोहचुंबक काढलं आणि सगळ्यांना मागे सारून पोत्यात फिरवलं. एक गळ निघाला, दोन टाचण्या निघाल्या, आईची हरवलेली सेफ्टीपिन निघाली. टाळ्या पडल्या. तिसऱ्या पोत्यापाशी बाबा हळूच म्हणाले, "पितळ चिकटतं का रे चुंबकाला?"

मी चुंबक खिशात घातलं.

संध्याकाळ झाली. गल्ली हळहळत घरी गेली. जाताना जमनाबाई आईला म्हणाली, "उद्या नाही आलीस तरी चालेल गं. आंब्याखाली मी आहेच." आई उसवलेली पोती पुन्हा शिवत राहिली आणि तेच मला जास्त लागलं. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली, चूल पेटवली आणि संध्याकाळीच जेवायला वाढलं. दुपारी पोती भरतानाच घरासाठी बाहेर काढून ठेवलेल्या मूठभर जवळ्याचं चांगलं चिंच घालून रटरटवलेलं आंबट आणि भात. कुणी मान वर करत नव्हतं.

कट्!

बाबांची कवळी होती. त्यांनी घास थांबवला, तोंडात बोट घातलं, काहीतरी बाहेर काढलं आणि दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिलं.

"अगं," ते आईला म्हणाले, "ह्या जवळ्याला आटे आहेत."

मी ताटावरून उडी मारली! जेटच तो! पण सकाळी हिरवा, मळका होता तो हा नव्हेच. देव्हाऱ्यातल्या समईसारखा लखलखत होता. डोळ्याला लावला तर भोकातून पलीकडे आईचा रागीट चेहरा स्वच्छ दिसला. पेट्रोल, पंप आणि पांढऱ्या शर्टवाला, या सगळ्यांना जे जमलं नाही ते चिंचेने रटरटून करून टाकलं होतं!

उष्ट्या हातानेच निघालो होतो, माधवीने हात धुवायला लावले. जेटही धुतला. कार्ब्युरेटर जोडला, नळ सोडला, किक मारली. दुसऱ्या किकला गाडी बोलली! एक्सलेटर पिळला आणि ती असली गर्जली की पार्वतीकाकींच्या कोंबड्या पत्र्यावर चढल्या. आता हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू नीट लावायचा होता. व्हिडिओ नेमका तिथे अडकून गोल गोल फिरत राहिला. मग मोबाइल ठेवला आणि कान लावला. स्क्रू थोडा बाहेर घेतला, आवाज चढला. आणखी घेतला, अडखळला. थोडा आत घेतला आणि ती एका लयीत घुमायला लागली. आई हातातली पळी तशीच घेऊन दारात आली होती. मला आयुष्यात इतका आनंद फार कमी वेळा झालाय. लग्न धरून. (माधवीने हे वाचलंय.)

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. मागे आई, दोन्ही बाजूंना पोती. आशागडच्या पुढे चढावर एक टेम्पो धापा टाकत चालला होता आणि पुढच्या सीटवर जमनाबाई.

"घे पुढे!" आई माझ्या कानात ओरडली.

एक्सलेटर पिळला. गाडीने आचका नाही दिला, खोकली नाही, सुसाट सुटली! जमनाबाईचं तोंड मला दिसलं नाही, पण आईने मागे वळून ते अगदी सावकाश पाहून घेतलं. तलासरीला पोचलो तेव्हा आंब्याखालची जागा मोकळी होती आणि पाड्यावरच्या बाया पिशव्या घेऊन उभ्या होत्या.

"आलीस का, बाय? आम्हांला वाटलं यंदा येत नाहीस."

"पोराने गाडी केली ना!" आई म्हणाली. पोत्याआड मी छाती इतकी फुगवली की शर्टाचं बटण तुटलं. (ते जवळ्यात पडलं. मी बोललो नाही.)

त्या दिवसापासून गाडी दुरुस्तीत आमच्या घराचं नाव झालं. गल्लीत कुणाचीही गाडी आचके द्यायला लागली, की लोक कार्ब्युरेटर हातात घेऊन थेट आमच्या दारात येतात. मी लगबगीने पुढे होतो, पाना काढतो, विचारतो, "बोला, काय त्रास आहे?" ते माझ्या खांद्यावरून आत बघतात आणि म्हणतात, "तू राहू दे. आईंनी चूल पेटवलीय का?"

मला अगदीच वगळलेलं नाही म्हणा. चिंच मी कोळतो.