भुंकणे : शून्य

शूकाका हे काही कुणी लाडानं ठेवलेलं नाव नव्हे. सार्वजनिक वाचनालयात ज्या माणसानं तेहेतीस वर्षं ओठांवर बोट ठेवून 'शू' एवढंच म्हटलं, त्याला वाचायला येणारी पोरं दुसरं काय म्हणणार? वाचनकक्षात चार लांब टेबलं, छत्तीस खुर्च्या आणि दाराशी उंच मेजामागे शूकाका. खुर्ची ओढली गेली की त्यांची मान वर. पान जरा जोरात उलटलं तरी वर. एकदा म्हणे एका म्हाताऱ्याला शिंक येत होती, त्यानं शूकाकांकडे पाहिलं आणि शिंक परत गेली.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणाला टाकून बोलला नाही, कुणाचं वाकडं केलं नाही. पण सवय ही कातडीसारखी असते, संध्याकाळी कामावरून आल्यावर शर्टाबरोबर खुंटीला टांगता येत नाही. घरी काकूंच्या हातून झाकण पडलं की यांच्या कपाळाला आठी. टीव्ही चालू, पण आवाज इतका बारीक की काकू बातम्या माणसांच्या तोंडाकडे बघून ओळखायच्या. मूलबाळ नव्हतं. काकू माहेरी असताना चार बहिणींत सगळ्यांत बोलक्या होत्या, हे आता कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

त्याच काकूंनी पन्नाशी उलटल्यावर हट्ट धरला. अधूनमधून चक्कर यायची, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं, दिवसभर घरात एकट्या. वाचनालयाच्या शिपायाकडे कुत्रीला पाच पिल्लं झालेली. काकू म्हणाल्या, "तुम्ही बाहेर गप्प, घरीही गप्प. मला घरात कुणीतरी आवाज करणारं हवंय."

शूकाकांनी आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी कुत्रा कसा पाळावा यावरची वाचनालयातली चारही पुस्तकं स्वतःच्या नावावर घेऊन आले. पुस्तकी किडा तो, पुस्तकात सापडलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा. पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत त्यांनी आईपासून तोडू दिलं नाही. आणायच्या आधी विजेच्या वायरी उचलून बांधल्या, फिनेलची बाटली वरच्या फळीवर ठेवली, जनावरांच्या डॉक्टरची वेळ घेतली. मग एका रविवारी पिल्लू आलं. पांढरं, डाव्या कानावर तपकिरी डाग, पोट जमिनीला टेकेल एवढं. दारात पाऊल ठेवल्यापासून ते जे भुंकायला लागलं ते खुर्चीवर भुंकलं, केरसुणीवर भुंकलं, आरशातल्या स्वतःवर भुंकलं. काकू किती दिवसांनी खळखळून हसल्या. नाव त्यांनीच ठेवलं, बडबड्या.

शूकाकांनी बडबड्याचं कार्ड केलं. पुस्तकांचं करतात तसंच, जाड, आखीव, वरच्या कोपऱ्यात क्रमांक. क्रमांक एक, दुसरा काही येणार नव्हता तरी. लस कधी, जंताचं औषध कधी, वजन किती, सगळं बारीक अक्षरात. दर दोन तासांनी काकू त्याला खाली अंगणात नेत, खाणं झालं की लगेच नेत, आणि घरात चुकून झालं तर कुणी ओरडायचं नाही, मुकाट्यानं पुसायचं, हा नियम. चप्पल चावली तर चप्पल काढून दोरीची गाठ तोंडात द्यायची. खरं सांगायचं तर त्या माणसाइतकं मन लावून कुत्र्याचं कुणी केलं नसेल. चार महिन्यांचा होईस्तोवर बडबड्या बस म्हटलं की बसायचा, थांब म्हटलं की थांबायचा, पट्टा न ओढता चालायचा. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. भुंकणं थांबेना.

खालच्या मजल्यावर, अगदी यांच्या पायाखाली, एक निवृत्त साहेब राहायचे. दुपारी दोन तास झोपल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी इमारतीच्या सेक्रेटरीकडे लेखी तक्रार केली, आणि सेक्रेटरीनं घरी येऊन, चहा पिऊन, गोड शब्दांत सांगितलं की महिन्याभरात भुंकणं बंद नाही झालं तर कुत्रा दुसरीकडे द्यावा लागेल. काकूंचा चेहरा पांढरा पडला. शूकाका मात्र जराही डगमगले नाहीत. गप्प करणं हे जगातलं एकच काम त्यांना येत होतं, आणि ते त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं.

त्यांनी वीस दिवसांची रजा काढली. उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करून डबीत भरले, डबी शर्टाच्या खिशात. बडबड्या भुंकला की हे ओठांवर बोट ठेवायचे आणि हलकेच म्हणायचे, शू. श्वास घेण्यापुरता जरी तो थांबला तरी लगेच तुकडा. मारणं नाही, ओरडणं नाही, पट्ट्याला हिसका नाही, सगळं पुस्तकाबरहुकूम. सेक्रेटरीच्या मुलीला चाळीस वेळा बेल वाजवायला लावली. खिडकीत बसून गाड्या दाखवल्या, जिन्यात नेऊन अनोळखी माणसं दाखवली. कार्डावर नवा रकाना आला, भुंकणे. पहिल्या दिवशी एकेचाळीस. आठव्या दिवशी सतरा. पंधराव्या दिवशी चार.

पुस्तकात असंही लिहिलं होतं की कुत्र्याला भुंकायचं कधी तेही शिकवावं, पूर्ण तोंड बंद करू नये. ते पान शूकाकांनी वाचलं होतं. पण तेहेतीस वर्षांत त्यांनी कुणाला बोल म्हणून शिकवलं नव्हतं, त्यामुळे ते पान डोळ्यांखालून गेलं आणि डोक्यात शिरलं नाही. उलट त्यांनी काकूंना सांगितलं की त्याच्याशी चेंडू खेळू नकोस, तो चेकाळतो. गाणं गुणगुणलं की तो सूर लावतो, तेही नको. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. काकूंनी चेंडू कपाटात ठेवला. बडबड्या घरात राहावा म्हणून त्या बाईनं ते गुणगुणणंही सोडलं.

विसाव्या दिवशी कार्डावर शून्य लागलं. मग शून्यामागून शून्य. बेल वाजली की बडबड्या धावत येऊन बसायचा, तोंड मिटायचा आणि शूकाकांच्या खिशाकडे बघायचा. खालचे साहेब स्वतः वर येऊन हात मिळवून गेले, कुत्रा आहे की बाहुली, म्हणाले. शूकाकांनी ते कार्ड फ्रिजवर लावलं. भुंकणारं कुत्रं चावत नाही म्हणतात. न भुंकणारं काय करतं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी, मंगळवारी, काकू न्हाणीघरात पडल्या. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. चक्कर आली, हात नळापर्यंत पोचला नाही, कमरेतलं हाड मोडलं. फोन झोपायच्या खोलीत. शूकाका सहाला घरी आले तेव्हा किल्ली फिरवल्यावर बडबड्या दारात आला नाही, तेव्हा ते चपला न काढताच आत धावले. तो न्हाणीघराच्या दाराशी बसला होता. ताठ, अगदी शिकवल्यासारखा, काकूंची एक चप्पल पुढच्या पायांत धरून. त्यानं शूकाकांकडे पाहिलं. मग काकूंकडे. मग खिशाकडे.

दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण साडेसहा तास ओल्या फरशीवर काढल्यानं फुप्फुसाला सूज आली आहे, तासाभरात आणलं असतं तर एवढं झालंच नसतं. सतरा दिवसांनी काकू घरी आल्या त्या चार पायांच्या काठीला धरून, दहा पावलांत धापा टाकत. पुन्हा पडणार नाहीत असं कुणी सांगू शकत नव्हतं. शूकाकांची नोकरी अजून आठ महिने होती आणि रजा सगळी कुत्र्यावर आणि दवाखान्यात संपली होती. शेजारची बाई दुपारी एकदा डोकावून जाईन म्हणाली. उरलेले तास बडबड्यावर.

म्हणून शूकाकांनी पुन्हा अंड्याचे तुकडे केले.

आता शिकवायचं होतं भुंकणं. त्यांनी तुकडा दाखवला आणि म्हणाले, बोल. बडबड्या बसला. बेल वाजवली, बडबड्या बसला. कपाटातला चेंडू काढून उडवला, तर बिचारा दोन उड्या मारून एकदम थांबला आणि काहीतरी चुकलं अशा चेहऱ्यानं कोपऱ्यात गेला. जनावरांच्या डॉक्टरनं कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला. त्या येऊन तासभर बसल्या, आणि जाताना म्हणाल्या की तुम्ही फार उत्तम शिकवलंय हो, इतकं पक्कं मी कुठं पाहिलं नाही, आता ते सुटायला वर्ष लागेल, सुटेलच असंही नाही. आयुष्यात मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी शूकाकांनी मान खाली घालून ऐकली.

मग एका रविवारी शूकाका दार लावून गुडघ्यांवर बसले आणि स्वतःच भुंकले. पहिल्यांदा घशातून नुसती हवा आली. दुसऱ्यांदा खोकला. तिसऱ्यांदा बऱ्यापैकी जमलं. बडबड्या कान टवकारून बघत राहिला, मग जवळ आला आणि त्यानं आपलं नाक शूकाकांच्या तोंडावर टेकवलं, हळूच.

तेवढ्यात बेल वाजली. खालचे साहेब धापा टाकत वर आले होते, चेहऱ्यावर केवढी आशा. कुत्रा भुंकला का, असं त्यांनी विचारलं. शूकाका म्हणाले, नाही, मीच होतो. साहेब मटकन खुर्चीत बसले. त्या मंगळवारी ते दिवसभर घरातच होते, बरोबर न्हाणीघराच्या खाली. एक आवाज जरी आला असता तर, हे वाक्य त्यांचं गेल्या महिन्याभरात सगळ्या इमारतीला सांगून झालं होतं. आता त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तक्रार मागे घेत असल्याचं पत्र होतं, सहीनिशी. कुत्र्यानं वाटेल तेव्हा भुंकावं, माझी हरकत नाही. त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बडबड्या पुढ्यात बसून ऐकत होता. वाचून झाल्यावर दोघंही म्हातारे त्याच्याकडे बघत राहिले. जणू काही तो आता परवानगी मिळाली म्हणून सुरू करणार होता.

साहेब गेल्यावर शूकाका आतल्या खोलीत आले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. इतके दिवस जे विचारायचं धैर्य झालं नव्हतं ते त्यांनी त्या दिवशी विचारलं. कुत्र्याचं सोड, पण तू का नाही ओरडलीस? न्हाणीघराची खिडकी उघडी होती. साहेब खाली होते. घसा तर मोडला नव्हता.

काकू पांघरुणाची कड चाचपू लागल्या.

"सुरुवातीला वाटलं, उठता येईल. मग दुपार झाली, साहेबांची झोपायची वेळ," त्या म्हणाल्या. "आणि नंतर तोंड उघडलं होतं मी. पण हा समोर बसून माझ्याकडे बघत होता, इतका गप्प. मग मलाही आवाज काढवेना."

तेहेतीस वर्षांत छत्तीस खुर्च्यांना करता आलं नव्हतं एवढं गप्प शूकाकांनी या एका पलंगाला करून ठेवलं होतं. त्यांना रडू आलं, आणि रडण्याचाही आवाज आला नाही.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. स्टीलचं ताट आणि डाव आणून पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला. काही झालं तर हे वाजव, म्हणाले. आत्ता वाजवून दाखव. काकूंनी डाव ताटाला लावला. टिक्. शूकाका म्हणाले, जोरात. पुन्हा टिक्. ते म्हणाले, "अगं, जोरात, मी सांगतोय ना." त्यांचा आवाज चढला, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. काकूंनी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ताटावर डाव हाणला.

सगळं घर दणाणलं. बडबड्या बाहेरून धावत आला, नखं फरशीवर घासत, सगळं अंग थरथरत असलेलं. त्याचा जबडा उघडला. शूकाकांचा हात आपोआप वर गेला होता, बोट ओठांपासून वीतभर अंतरावर, आणि ते त्यांना तेव्हा कळलं जेव्हा बडबड्या ते बोट बघत खाली बसला. त्यानं तोंड मिटलं. खिशाकडे बघितलं.

शूकाकांनी हात खाली घेतला. डबीत तीन तुकडे होते. दिला तर आजवर शिकवलेलं आणखी पक्कं होणार, हे चारही पुस्तकांत लिहिलं होतं. न द्यावा तर त्या मुक्या जिवानं चूक काय केली होती, त्याला जे शिकवलं तेच तो करत होता. बडबड्या शेपटीसुद्धा न हलवता वाट बघत होता. पलंगावर काकू, मांडीवर ताट, त्याही वाट बघत होत्या.

शूकाका खाली वाकले आणि त्यांनी तुकडा दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन कार्डावर आजचं शून्य लिहिलं.