लाल म्हणजे कसला लाल?

मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तिला सगळे रंग मातकट दिसू लागले. रफूच्या कामात हात अजून पक्का होता, भिंगही होतं. पण दोऱ्याचा रंग कुणीतरी सांगायला हवा. म्हणून भाची दुकानात बसू लागली.

भाचीचं अडत होतं वेगळ्याच ठिकाणी. नर्सिंगच्या प्रवेशाची लेखी परीक्षा ती सहज पास व्हायची, तोंडीला मात्र शब्दच सापडत नसत. गेल्या वर्षी तिथेच ती नापास झाली होती. शब्द अडला की ती ‘ते... काय ते’ म्हणायची, म्हणून घरात तिला ‘तेकायते’ अशीच हाक मारत. यंदाची संधी शेवटची, म्हणून ती शब्दांच्या याद्या पाठ करायची आणि सकाळपर्यंत विसरायची.

एकदा कोट आला. पुस्तकातून मान वर न काढता ती म्हणाली, “लाल.” मावशीनं लाल रिळांच्या खणातून चाचपून एक रीळ काढलं आणि मन लावून रफू केलं. गिऱ्हाईक म्हणालं, “बाई, कोट डाळिंबी आहे, रफू विटकरी!” सगळं उसवावं लागलं.

“माझे डोळे गेले, तुझे कुठे गेलेत?” मावशी कडाडली. “उद्यापासून नुसतं लाल चालायचं नाही. कसला लाल, ते सांगायचं.”

“आणि नाव माहीत नसलं तर?”

“कशासारखा दिसतो ते सांग. नाहीतर गिऱ्हाइकाला विचार. तोंड कशाला दिलंय?”

भाची विचारू लागली. किरमिजी, राखी, मोरपंखी, जांभळट. कापड विरलेलं, कुरतडलेलं की करपलेलं, तेही नेमकं सांगू लागली. दिवसभर वापरलेला शब्द रात्रीतून पळून जाईना.

तोंडी परीक्षेत तिच्यापुढे जखमेचं चित्र ठेवलं. क्षणभर तिला वाटलं, मावशीच विचारतेय.

“कडा गुलाबी, किंचित सुजलेल्या,” ती म्हणाली. “मध्ये पिवळट थर. डावीकडची कातडी सुरकुतलेली, भाजल्यासारखी.”

“पुढे?” परीक्षक बाईंनी विचारलं, आणि ती बोलतच राहिली.

प्रवेश मिळाल्याचं कळलं तशी ती धावत दुकानात आली. “मावशी, तुझ्यामुळे झालं गं!”

“माझ्यामुळे कसलं? मोतीबिंदूचे आभार मान,” मावशी म्हणाली.

भाचीनं मोतीबिंदूचे आभार मानले नाहीत. मावशीच्या गळ्यात पडून ती पोटभर रडली.