येसराच्या गटाचं नवं अॅप

आम्ही बारा बायका मिळून येसर करतो. हरभऱ्याची डाळ, गहू, धणे, मसाले भाजून दळायचे; लग्नाच्या आमटीला ते लागतंच. भाजायचं काम माझं. बोलायचं काम मी बाकीच्यांवर सोडलेलं.

गटाचे निरोप मोबाईलवर यायचे. आमच्या घरात मोबाईल एकच, नवऱ्याचा. एकदा गटात निघालं की डाळ आता गिरणीवाल्याकडूनच भाजून आणू. यंत्रात डाळ वरून करपते, आत कच्ची राहते. मी धीर करून लिहिलं, "नको. डाळ हातानंच भाजू." निरोप गेला यांच्या नावानं, यांच्या फेट्यातल्या फोटोसकट. लगेच उत्तर आलं, "दाजी, येसरातलं तुमाला काय कळतंय? चुलीजवळ तरी गेलात का कधी?" खाली हसणारी तोंडंच तोंडं. ती मी होते, हे सांगायचीही लाज वाटली. डाळ गिरणीत गेली.

पुढं शुभ सकाळच्या फुलांत ताडकळसच्या लग्नाच्या येसराची मागणीच हरवली. तेव्हा अध्यक्षबाईंची लेक, परभणीला कॉम्प्युटर शिकते ती, दोन नवी अॅप घेऊन आली. दोन्ही फुकट.

"यांची आतली बांधणी कुणीबी उघडून बघावी, सुधारावी," ती म्हणाली.

"म्हंजी मसाल्याचं प्रमाण न लपवणारी जाऊ," आमच्यातली म्हातारी म्हणाली. "आसली कुठं मिळती गं?"

पहिलं अॅप रंगीत, पण मोबाईल नंबर मागणारं. दुसरं साधं, प्रत्येक कामाची वेगळी खोली, आणि आत जायला फक्त आपलं नाव आणि पासवर्ड.

"पहिलंच घ्या, लय भारी दिसायलंय," सगळ्या म्हणाल्या.

पहिलं घेतलं तर मी कायमची दाजीच राहणार होते.

"दुसऱ्याला नंबर लागत न्हाई ना?" मी विचारलं.

"अगं बया, हिला तोंड हाय की!"

मी जमिनीकडं बघत म्हणाले, "सोताचा नंबर किती जणींचा हाय?"

हात तीनच वर झाले.

"त्या दिशी गटात दाजी न्हवते," मी म्हणाले. "मी होते."

चुलीचं विचारणारी तोंडावर पदर धरून म्हणाली, "मंग सांगायचं न्हाई का गं!"

दुसरं अॅप ठरलं. भाजणीच्या खोलीत माझा पहिला निरोप तोच जुना. अध्यक्षबाईंचं उत्तर आलं, "बरं. तुमीच भाजा."

लिहून झालं की मी पासवर्डाचं दार लावून बाहेर पडते. परवा हे मोबाईल चाळत म्हणाले, "तुमच्या गटाचं काहीच येईना की आता."

मी कढईतली डाळ हलवत होते. म्हटलं, "येसराचं असतंय. तुमाला काय कळतंय?"