उपळ्या बुरुजावरची ड्युटी

महायुद्धाच्या काळात आमची सिग्नल पार्टी नळदुर्गला होती. निजामाचं राज्य होतं, हुकूम उर्दूत सुटायचे. मी नायक, गाव बेंबळी. माझा जोडीदार लान्स नायक इरप्पा, जवळच्याच अणदूरचा. घरी कानडी, फौजेत उर्दू, माझ्याशी मराठी.

साडेपाचला रोलकॉल, सहाला पीटी, नऊला किल्ल्यातल्या उपळ्या बुरुजावर. दोन कोसांवरच्या टेकडीवर दुसरी पार्टी असायची. झेंड्यांनी संदेश द्यायचा, दुर्बिणीतून घ्यायचा, लिहायचा, उतरायचं. बुरूज उंच. पायऱ्या बाहेरून, उभ्या. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला काही नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या कानाला दडा बसायला लागला. आत शिट्टीसारखा आवाज. एक दिवस परेडवर उभा असताना मैदानच फिरलं. मी पडलो, ओकलो. हवालदारानं वाकून तोंडाचा वास घेतला.

"सुबह सुबह पी के आया?"

दोन तासांनी मी ठणठणीत होतो, त्यामुळं त्याचा संशय वाढला. पुढच्या महिन्यात तसं आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा फक्त इरप्पानं पाहिलं.

"सिक रिपोर्ट करा, नायकसाब."

"केलं तर घरी धाडतील. तू बोलू नको कुठं."

तो बोलला नाही.

त्या सकाळी उठतानाच कान बंद होता. बुरुजाच्या पायथ्याशी इरप्पानं माझ्याकडं बघितलं.

"आज म्या एकटा जातो."

"ऑर्डर दोघांची हाय."

"मग उतरताना म्या तुमच्या खालच्या अंगाला ऱ्हातो. भिंत सोडू नका."

संदेश बिनचूक गेला. दहा वाजून वीस मिनिटांनी उतरायला लागलो. अर्ध्यावर कानातला आवाज एकदम वाढला आणि पायऱ्या फिरल्या. मी भिंतीकडं झुकलो, निदान मला तसं वाटलं. झुकलो होतो मोकळ्या बाजूला.

"बसा. खाली बसा."

मी उभाच होतो. इरप्पा दोन पायऱ्या वर आला. दोन्ही हातांनी त्यानं मला भिंतीला दाबलं. मी त्याचा खांदा पकडून ओढला. कुठं ओढतोय हे मला कळत नव्हतं. मग माझ्या मुठीतून त्याचा सदरा सुटला. तो मोकळ्या बाजूनं खाली गेला.

मी पायरीवर पालथा पडून राहिलो. खालून हवालदार हाका मारत होता, "इरप्पा, इरप्पा." थोड्या वेळानं हाका थांबल्या. डोळे उघडले की बुरूज फिरायचा, म्हणून मला खाली बघताही आलं नाही. सव्वाबाराला दोघा जवानांनी मला उचलून आणलं. तोवर त्याच्यावर घोंगडं टाकलेलं होतं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि हवालदाराला विचारलं, "इरप्पा कुठं हाय?" मी असं विचारल्याचं हवालदारानं नंतर सांगितलं. मला आठवत नाही.

फौजी इस्पितळातल्या डॉक्टरसाहेबांनी आठवडाभर तपासलं. मग खाटेजवळ स्टूल घेऊन बसले.

"कानाच्या आत पाणी असतं. त्यावरनं मेंदूला तोल कळतो. तुझ्या कानात ते पाणी वाढतं, मग कान खोटी खबर देतो. तू उभा असतोस आणि तो सांगतो, फिरतोयस. यात दारू नाही, भित्रेपणाही नाही."

"बरं होईल?"

"पुरतं नाही. मीठ कमी कर. आवाज वाढला की जिथं असशील तिथं बस. विहीर, शिडी, उंच जागा कायमची बंद."

"आधी सांगितलं असतं तर?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तर तुला खालची ड्युटी दिली असती. घरी धाडलं नसतं."

चौकशीत मी सगळं सांगितलं. कागदावर अपघात असं लिहिलं गेलं आणि मला अनफिट करून सोडलं. बेंबळीला जाण्याआधी मी अणदूरला गेलो. इरप्पाच्या वडलांचं तेलाचं दुकान होतं. त्यांनी फळ्या लावल्या आणि ऐकून घेतलं.

"त्याला तुमचं दुखणं ठावं होतं?"

"व्हय."

"तरी संगं आला?"

"व्हय."

त्यांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. मग म्हणाले, "आता तुम्ही जावा." मी गेलो. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. अळणी भाकरी-भाजी अंगवळणी पडली. डावा कान जवळजवळ गेला. बाजारात मधेच खाली बसलो की नवखे लोक मला दारुडा समजतात. समजू देत. नवा शेजारी आला, नवा गडी लागला की मी पहिल्याच दिवशी सांगतो: मला भोवळ येते. आली की मला धरायला येऊ नका. लांब उभं राहा.

लान्स नायक इरप्पा तेवीस वर्षांचा होता. त्याची धाकटी बहीण पुढं तुळजापूरला भेटली. तिनं विचारलं, दादा शेवटी काय बोलला. मी सांगितलं, "बसा म्हणाला." ती म्हणाली, "मग बसला व्हता का तुमी?"

"न्हाय," मी म्हणालो.