जावयाला लोड बॅलन्सिंग शिकवताना

जावयाला ‘तुमचं चुकलं’ म्हणायचं नसतं, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही. ते वरणभातासोबतच पोटात जातं. माझ्या वडिलांनी त्यांच्या जावयाला, म्हणजे आमच्या दाजींना, भर रस्त्यात चुकीच्या फाट्याला गाडी वळवताना पाहिलं आणि ‘इकडूनबी जाता येतं’ असं म्हणून ते शेजारी गप्प बसून राहिले. निघाले होते शहागडला. पोचले भलत्याच गावात, आणि तिथं ओळखीचं कुणी नसल्यामुळे देवदर्शन करून परत आले.

अशा घरात वाढलेल्या माणसावर स्वतःच्या जावयाला नेटवर्कचं काम शिकवायची पाळी आली.

मी नवीन जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत नेटवर्क सांभाळतो. पदाचं नाव भारदस्त आहे, पण घरी मला ‘वायफायवाले’ म्हणतात आणि वायफाय बंद पडलं की तेही म्हणत नाहीत. जावई नाशिककडचे, पुण्यात याच कामावर होते, फक्त लोड बॅलन्सिंग त्यांच्या हाताखालून गेलं नव्हतं. लेकीला इकडं यायचं होतं, कंपनीत जागा निघाली, जावई रुजू झाले. पण परीक्षेवर. आमचे मॅनेजर स्पष्ट बोलले, “आखातीजची बुकिंग पाव्हण्यांनी सांभाळली तर कायम. न्हाई तर मंग बघू.”

‘मंग बघू’ म्हटलेल्यांचं पुढं काय होतं, ते आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. तिकडं बंगळुरूहून जावयांना बोलावणं आलेलंच होतं. लेक म्हणाली, “पप्पा, इथं जमलं तर इथं. नाही तर आम्ही चाललो बंगळुरूला.” त्या दिवसापासून आमची बायको मोबाइलवर जालना-बंगळुरू गाड्या बघायची आणि मी खोलीत आलो की मोबाइल पालथा घालायची.

काम असं होतं. डीलर लोक बियाण्यांची ऑर्डर कंपनीच्या साइटवर टाकतात आणि आखातीजला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांची झुंबड उडते. साइट दोन सर्व्हरवर चालते आणि त्यांच्यापुढं लोड बॅलन्सर असतो. लग्नात पंगतीच्या तोंडाशी एक जण उभा असतो ना, ‘तुम्ही इकडं बसा, तुम्ही तिकडं,’ म्हणणारा? तेच काम. त्यानं सगळ्यांना एकाच पंगतीत कोंबलं, की तिथं वाढपी पळून जातो आणि दुसऱ्या पंगतीतल्या पत्रावळी वाऱ्यानं उडतात.

शिकवणी सुरू झाली. मी म्हणायचो, “पाव्हणे, सवड असली तर हे जरा पाहता का?”

“मामा, सरळ सांगा ना.”

सरळ कसं सांगणार? सर्व्हर ठीक आहे की नाही हे लोड बॅलन्सर अधूनमधून तपासत असतो. जावयांनी तिथं नुसतं पिंग लावलं होतं. मशीननं ‘ओ’ दिली, की झालं. मी म्हणालो, “छान आहे. बिलकुल छान. फक्त, रविवारी दुपारी तुमच्या मामी मला हाक मारतात. मी पडल्या पडल्या ‘ओ’ देतो. पण त्याचा अर्थ मी उठून दळण आणणार, असा होतो का?”

जावई हसले आणि लगेच बदल केला. आता लोड बॅलन्सर लॉगिनचं पान खरोखर उघडतंय का ते बघू लागला.

मला पद्धत सापडली. त्यांची चूक दाखवायची नाही, माझी एखादी चूक काढून तिच्याशेजारी ठेवायची. सर्व्हर दुरुस्तीला काढताना त्यावर आधी आलेल्यांचं काम संपू द्यायचं आणि नवी माणसं पाठवायची नाहीत, हे मी स्वतःच्या सिगारेट सोडण्यावरून शिकवलं. जावई भराभर शिकले. संध्याकाळी ते सगळं लेकीला सांगत, लेक आईला सांगे, आणि मला घरी गेल्यावर कळे की आज मी काय काय शिकवलं.

“सिगारेट अजून पूर्ण सुटली न्हाई म्हणं?” बायको विचारायची.

मग एका ठिकाणी गाडी अडली. आमची साइट अर्धवट भरलेली ऑर्डर त्याच सर्व्हरवर ठेवते. म्हणजे एक डीलर पहिल्या सर्व्हरवर गेला, तर शेवटपर्यंत तिथंच जायला हवा. जावयांनी नियम लावला, की माणूस इंटरनेटच्या ज्या पत्त्यावरून येतो, तो पत्ता बघून सर्व्हर ठरवायचा. आम्ही ऑफिसातून चाचणी घेतली, तर सगळे कॉम्प्युटर एकाच सर्व्हरवर जाऊन पडले.

“तुम्हाला काय वाटतं?” मी विचारलं.

“आपल्या ऑफिसचा बाहेर जायचा पत्ता एकच आहे, मामा. डीलर वेगवेगळ्या गावांत बसलेत. अंबड, परतूर, भोकरदन. ज्याचा त्याचा पत्ता वेगळा. आपोआप वाटले जातील.”

“टोकनचाबी एक प्रकार असतो. ज्याच्या त्याच्या ब्राउझरला वेगळं टोकन, त्यावरून सर्व्हर ठरतो.”

“हो, माहितीये. पण याची गरज नाही वाटत.”

मला या जागी बसेल अशी माझी एकही चूक आठवेना. मी म्हणालो, “बराबर आहे तुमचं,” आणि चहा मागवला.

आखातीज उजाडली. आता इथल्या व्यापाऱ्यांची रीत सांगायला हवी. हंगामाची पहिली ऑर्डर कुणी आपल्या दुकानातून टाकत नाही. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, सगळ्यात जुन्या शेटजींच्या पेढीवर जिल्ह्याभरातले डीलर जमतात, गादीवर मांडी घालून बसतात, मोबाइलला कुंकू लावतात आणि गुरुजींनी काढलेल्या मुहूर्तावर सगळे मिळून ऑर्डर टाकतात. हे मला कितीतरी वर्षांपासून ठाऊक आहे. तिथल्या कचोऱ्या मी खाल्ल्यात. पण ती माहिती माझ्या डोक्यात कचोरीच्या कप्प्यात होती. नेटवर्कच्या कप्प्यात तिची वर्दी गेलीच नव्हती.

मुहूर्त लागला. स्क्रीनवर पहिला सर्व्हर लालबुंद झाला. दुसरा हिरवागार, गार.

“मामा, दोन नंबर एकदम ठणठणीत आहे. पण त्याच्याकडं कुणी जातच नाहीये. सगळे एकाच पत्त्यावरून कसे येतायत?”

एवढ्यात शेटजींचा फोन. “साहेब, मुहूर्त निघून चालला ना! नुसती चक्री फिरून राह्यली सगळ्यांची!”

फोनमध्ये मागून थाळी वाजल्याचा आवाज आला, त्यासरशी मला पेढी दिसली, गादी दिसली आणि कोपऱ्यात खिळ्याला टांगलेला शेटजींचा वायफायचा डबा दिसला. अख्खा जिल्हा त्या एका डब्यातून आमच्याकडं येत होता.

“शेटजी, सगळ्यांना वायफाय बंद करायला सांगा. मोबाइलच्या नेटवर घ्या.”

“आत रेंज कुठंय? आणि मुहूर्ताला गादीवरून उठून गल्लीत उभं राहायचं का आम्ही? काय बोलून राह्यले तुम्ही!”

फोन ठेवला. मॅनेजर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे होते. जावयांचा हात माउसवर थांबला होता. “आत्ता नियम बदलला तर बरेच जण बाहेर फेकले जातील, मामा. पुन्हा लॉगिन करावं लागेल, अर्धवट ऑर्डरी जातील. जरा थांबू या का? गर्दी ओसरेल.”

थांबलो असतो, तर मुहूर्तच ओसरला असता. आणि सोबत लेकही. मी तोंड उघडलं. “पाहा, तुम्हाला बरं वाटलं तर…” एवढं बोललो आणि माझीच मला इतकी चीड आली, की पुढचं आपोआप बाहेर पडलं.

“अहो, चुकलं तुमचं! साफ चुकलं! टोकन लावा आत्ताच्या आत्ता! जल्दी!”

शिपायानं हातातला ट्रे धरून ठेवला. जावयांनी माझ्याकडं बघितलंही नाही, बोटं चालू लागली. शेटजींचा पुन्हा फोन आला, शिव्या मारवाडीत होत्या म्हणून नेमक्या कळल्या नाहीत. मी म्हणालो, “एकदा परत लॉगिन करा, गादीवरून उठू नका.” हळूहळू पहिला सर्व्हर लालाचा पिवळा झाला, दुसऱ्याला काम लागलं. मुहूर्त सरायच्या आत ऑर्डरी धडाधड पडू लागल्या.

मॅनेजर जाता जाता म्हणाले, “पाव्हणे, सोमवारी केबिनला या. कायमचं करून टाकू.” मग माझ्याकडं वळून, “आणि तुम्ही आधी का न्हाई ओरडले?”

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बायको आंब्याचा रस काढत होती. नोकरी पक्की झाल्याचा आनंद तिच्या तोंडावर होता, पण तो तिनं मला द्यायचं नाही असं ठरवलं होतं. “जावयावर ओरडले म्हणं तुम्ही. चार लोकांत.”

“अगं, त्यामुळं तर लेक इथं राहून राह्यली!”

“ते राहू द्या. जेवायला बोलवा त्यांना. तुम्हीच फोन करायचा, मी न्हाई करणार.”

मी फोन लावला. घसा साफ केला, ‘पाव्हणे, ते सकाळचं जरा…’ अशी सुरुवात केली.

“मामा, येतोय ना आम्ही, निघालोच. फक्त एक सांगा. बाकीच्या सेटिंगमध्ये माझं अजून काय काय चुकलंय?”

मी स्वयंपाकघराकडं एकदा बघितलं, आवाज बारीक केला आणि सांगायला बसलो. लेक आणि जावई दारात येऊन उभे राहिले, तरी आम्ही फोनवरच होतो.