बोटी वर येतात, कप्तान येत नाहीत

धक्क्यावर नवा आलेला माणूस हमखास फसायचा. "अरे, हवालदारांना बोलवा!" अशी आरोळी ऐकली की तो अंग चोरून उभा राहायचा, आता पोलिसांचं लचांड मागं लागतंय म्हणून. आणि यायचे कोण? तर गुडघ्यापर्यंत तेलाने माखलेली पँट, कानांत कापसाचे बोळे आणि मागे चाकांवर खडखडत येणारा कॉम्प्रेसर, असे एक काटकुळे गृहस्थ. पोलिसांशी त्यांचा आयुष्यात संबंध आला नव्हता. हवेचा सगळा कारभार त्यांच्याकडे, म्हणून ते हवालदार. हे नाव ज्याने ठेवलं तो धक्का सोडून केव्हाच गेला, पण नाव असं चिकटलं की त्यांच्या सासूबाईसुद्धा जावयाला हवालदार म्हणत.

बुडालेल्या बोटींत हवा भरणं हे त्यांचं काम. ऐकणारा हसतो. मला अशा हसणाऱ्यांचा राग येतो, कारण हेच लोक वर आलेल्या बोटीसमोर उभे राहून फोटो काढून घेतात. हवालदार मात्र रागवायचे नाहीत. बादलीभर पाणी आणि एक पेला मागवायचे, पेला पालथा धरून पाण्यात दाबायचे आणि म्हणायचे, "बघ, आत पाणी शिरतंय का? हवा त्याला शिरू देत नाही. लोक म्हणतात पालथ्या घड्यावर पाणी. माझं सगळं घर त्या पालथ्या घड्यावर चाललंय."

तळाला भोक पडलेली बोट दिसली की सगळे तळाकडे धावतात. हवालदार वर चढायचे. डेकवरची झाकणं, नळ्या, फटी, जे जे वर उघडं असेल ते आधी बंद करायचं, मग वरून हवा सोडायची. हवेला वर वाट नाही, म्हणून ती पाण्याला खाली रेटते, आणि पाणी ज्या भोकातून आलं त्याच भोकातून मुकाट निघून जातं. बोट हलकी होते आणि उठते. भोक तसंच असतं, तरी बोट तरंगते. यात जादू काही नाही, पण धीर लागतो. घाईने हवा कोंबली तर जुना पत्रा फाटतो.

धक्क्यामागच्या गल्लीत, साखळ्या विकणाऱ्या दुकानाच्या वर, त्यांच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्यांची बायको शिवणयंत्रावर बोटींची ताडपत्रीची आवरणं शिवायची. आवरणं एवढी मोठी की शिवलेला भाग खिडकीतून बाहेर सोडावा लागे आणि खालच्या दुकानात दुपारीच अंधार होई. दुकानदार ओरडायचा, बाई वरून त्याच्या दुप्पट ओरडायच्या. बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. नवऱ्याची गत उलटी. "बोटीत काय हवा भरता," त्या म्हणायच्या, "तुम्ही धीर द्यायला तोंड उघडलं की समोरच्याची असलेली हवाही निघून जाते!"

खोटं नव्हतं ते. आणि हवालदारांच्या मनातला सल तिथेच होता. त्यांनी किती बोटी वर काढल्या याची मोजदाद त्यांनी ठेवली नव्हती, पण त्या बोटींचे कप्तान त्यांना एकूण एक आठवत. एकाने पिठाची गिरणी टाकली. एक शेळ्या पाळू लागला. एक तर असा हिकमती माणूस, वादळात गाणी म्हणणारा, तो आता दिवसभर दारात बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचा. बोट डागडुजी होऊन पुन्हा पाण्यात जायची, तिच्यावर दुसरा कुणी उभा राहायचा. पहिला परत आलाय असं हवालदारांनी कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येकाला त्यांनी समजावून पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी काहीतरी भलतंच बोलून बसले होते. गिरणीवाल्याला तर ते म्हणाले होते, "जाऊ द्या, सगळ्यांच्याच हातून बुडते." त्याने पुढे त्यांना गिरणीची पायरी चढू दिली नाही.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी बोटीची कप्तान झाली.

बोट मोठी नव्हती. खाडीच्या या काठावरची माणसं त्या काठाला आणि त्या काठावरची या काठाला नेणारी, बस. पण हवालदारांची छाती फुगली ती फुगलीच. लेक पलीकडे जायला निघाली की काहीतरी निमित्त काढून ते धक्क्याच्या टोकाला यायचे. बायकोने विचारलं तर म्हणायचे, "वाऱ्याचा अंदाज घेत होतो."

त्या दिवशी सकाळी वारा नव्हताच. धुकं होतं. खाडीच्या मध्ये एक खडक आहे, त्यावरचा खुणेचा दिवा बंद पडला होता. बोटीचं नाक खडकावर घासलं आणि पुढचं पोट फाटलं. लेकीने मधला दरवाजा बंद करून इंजिनाची खोली कोरडी ठेवली, आणि बोट सरळ काठाजवळच्या चिखलात घुसवली. उतारू फळीवरून चालत काठाला आले. एका म्हाताऱ्या बाईची तर चप्पलसुद्धा भिजली नाही. पण हे तिला कोण सांगणार? हवालदार पाणबुड्याला आणि कॉम्प्रेसरला घेऊन पोहोचले तेव्हा ती काठावर एका दगडावर बसली होती, बोटीकडे पाठ करून.

"बाबा," ती म्हणाली, "ही वर निघाली की माझं काम संपलं. मी परत सुकाणूच्या चाकाला हात लावणार नाही."

हवालदारांनी बाजूला जाऊन घरी फोन लावला.

"काही बोलला नाहीत ना तिला?" बायकोचा पहिला प्रश्न.

"नाही अजून."

"देवच पावला. आता ऐका. तिला धीर द्यायला जाऊ नका, तो तुमचा प्रांत नाही. तिला काम द्या. रडायला वेळ मिळेल असं काम देऊ नका."

हवालदारांनी आज्ञा पाळली. साबणाच्या पाण्याचा डबा आणि ब्रश लेकीच्या हातात दिला. "झाकणांच्या कडांना लाव. बुडबुडा दिसला की हाक मार." ती उठली. तिला हे काम लहानपणापासून येत होतं.

परिस्थिती अशी होती. बोटीचं नाक चिखलात रुतलेलं, शेपूट खोल पाण्यावर तरंगत होतं. ओहोटी होती तोवर ठीक. संध्याकाळी भरती आली की पाणी शेपूट उचलणार, बोट फिरणार, चिखलातून सुटणार आणि पाण्याने भरलेल्या नाकाच्या वजनाने खोल पाण्यात बुडणार. तिथून तिला काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. बोटीच्या मालकाने सकाळीच पंप लावून पाणी उपसून पाहिलं होतं. पण फाटलेला भाग चिखलात, त्यामुळे जेवढं उपसावं तेवढा चिखल आणि पाणी आत.

लेक ब्रश फिरवत गेली. इथे बुडबुडे, तिथे बुडबुडे. हवालदार रबर दाबत, पाचर ठोकत मागून. एकदाची सगळी झाकणं गप्प झाली आणि त्यांनी हवा सोडली. दाबाचा काटा हळूहळू चढला. जेवढा चढायला हवा होता तेवढा चढला. नाक हललं नाही. काटा आणखी चढला.

"बाबा!" लेक ओरडली. "पायाखालचा पत्रा उचलतोय!"

टण्ण असा आवाज झाला. हवालदारांनी हवा तोडली, एक झाकण सैल केलं, आणि आतली हवा फुसकन निघून गेली. काठावर जमलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. असं हवालदारांच्या हातून कधी झालं नव्हतं. पाणी बाहेर का जात नाही?

पाणबुड्या खाली जाऊन आला. "भोक दिसतच नाही," तो म्हणाला. "त्याच्यावर बोट बसलीय. चिखलाचं बूच बसलंय घट्ट."

म्हणजे हा चिखल मोठा चमत्कारिक पाहुणा होता. आत यायला सदा तयार, बाहेर जायचं नाव नाही. वरून दाबावं तेवढा तो आणखी घट्ट बसायचा. हवालदार कॉम्प्रेसरशेजारी बसून राहिले. मग उठले आणि मालकाकडे गेले.

"दुसरं भोक पाडावं लागेल," ते म्हणाले. "मोठं. पाण्याखाली."

मालक वाईट माणूस नव्हता. पण कुणीही जे म्हणेल तेच तो म्हणाला. "हवालदार, एका भोकाने बुडतेय म्हणून तुम्हाला बोलावलं, आणि तुम्ही दुसरं पाडता? हा कुठला न्याय?"

"काट्यानेच काटा निघतो," हवालदार म्हणाले. ते आणखी काही बोलणार होते, पण बायकोची आठवण झाली आणि थांबले.

मालकाने हात वर केले. "मला यातलं कळत नाही. बोट जिच्या हातात होती तिला विचारा."

लेक साबणाच्या हातांनी उभी होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले. हवालदारांना वाटलं, धावत जाऊन तिच्यापुढे उभं राहावं. पण ते जागचे हलले नाहीत.

"भोक पाडलं आणि तरी उठली नाही तर?" तिने विचारलं.

"तर गेली."

"आणि नाही पाडलं तर?"

"तरी गेली. संध्याकाळी."

तिने बोटीकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच धड बघत होती. मग पाणबुड्याला म्हणाली, "काका, डावीकडून जा. पुढचं पोट संपतं तिथे, जिन्याच्या बरोबर खाली. तिथे ती चिखलाला टेकलेली नाही. दोन फासळ्यांच्या मध्ये पाड, फासळी तोडलीस तर बघ." आणि मालकाकडे वळून, "पाडू द्या. जबाबदारी माझी."

पाणबुड्या हवेवर चालणारं ड्रिल घेऊन खाली गेला. त्याची घरघर बोटीच्या अंगातून तळपायांना लागत होती. धडधाकट पत्र्याला भोक पाडताना ऐकणं फार वाईट. हवालदारांनी कानांतले बोळे आणखी आत दाबले. लेक मात्र डेकवर गुडघ्यांवर बसली होती, हात पत्र्यावर ठेवून, दुखणाऱ्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा.

पाणबुड्याने वर येऊन भोक पडल्याची खूण केली. झाकणं पुन्हा बंद झाली. भरतीचं पाणी आता दगडांना लागलं होतं. हवालदारांनी हवा सोडली. काटा चढला, जिथे थांबायला हवा होता तिथे थांबला, आणि थांबूनच राहिला. डाव्या बाजूला पाणी ढवळून निघालं. गढूळ, चिखलाळ पाणी बोटीतून बाहेर येत होतं, आत नाही.

मग नुसती वाट बघणं. ही वाट ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून उपयोग नाही. मालक दर थोड्या वेळाने म्हणायचा, "उठली का हो?" आणि हवालदार म्हणायचे, "अहो, दूध उतू जायचंय का, टक लावून बसलाय ते?" शेवटी चिखलाने एक लांबलचक चुंबनासारखा आवाज केला, काठावरची पोरं फिदीफिदी हसली, आणि बोटीचं नाक वर आलं. दोन दोन भोकं घेऊन बोट तरंगायला लागली.

मालकाने ओल्याचिंब पाणबुड्याला तशीच मिठी मारली. हवालदारांनी लेकीकडे पाहिलं. ती हसली, पण पुन्हा काठाकडे, त्या दगडाकडे निघाली. तिचं काम संपलं होतं. ती तसं म्हणालीच होती.

बोट दुरुस्तीच्या जागेपर्यंत ओढून न्यायला टगबोट आली. ओढली जाणारी बोट मागे सरळ राहत नाही, इकडेतिकडे भरकटते, म्हणून तिचंही चाक कुणीतरी धरावं लागतं. टगवरचा माणूस ओरडला, "तुमच्या चाकावर कोण आहे? नाहीतर मी येतो उडी मारून!"

हवालदारांना कॉम्प्रेसर सोडता येत नव्हता. हवा थोडी थोडी गळतच होती, ती भरत राहणं भाग होतं. लेकीला हाक मारावी असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. काय म्हणावं? जे म्हणतील ते चुकणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दात आवळले आणि काट्यावरची नजर काढली नाही.

फळीवर पावलं वाजली.

"तुम्ही कशाला येताय?" लेकीचा आवाज. ती टगवाल्याला सांगत होती, आणि चिडून सांगत होती. "डावीकडे भोक आहे तिच्या, ती डावीकडेच ओढणार. तुम्हाला काय माहीत ती कशी वळते? मी आहे ना."

हवालदारांनी मान वर केली नाही. ती त्यांच्या अंगावरून गेली, केबिनचं दार वाजलं. दोर ताणला, बोट हलली, काठ मागे सरकू लागला. खडकाच्या अलीकडे आल्यावर मात्र त्यांच्याने राहवलं नाही. ते उठले आणि डेकच्या मधोमध उभे राहून काचेतून चाकामागच्या लेकीकडे बघत राहिले.

"बाबा, नाक बसतंय! हवा वाढवा!"

त्यांना धक्क्यावर आजवर कुणी हुकूम सोडला नव्हता. मोठमोठे मालकसुद्धा अजिजीने बोलायचे. त्यांनी धावत जाऊन हवेचा कॉक फिरवला. "वाढवली, कप्तान!"

"आणि मध्ये उभे राहू नका! मला खडक दिसत नाहीये!"

हवालदार चटकन कॉम्प्रेसरच्या आडोशाला खाली बसले. तिथे एवढा आवाज होता की कुणाला काही ऐकू जायची सोय नव्हती, म्हणून ते मनसोक्त रडले.